पहिला व्हॉल्व्ह

जुलैतली रात्र होती. पाऊस थांबून थांबून पडत होता आणि मी गिटारवर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत बसलो होतो. तिसरी तार, सातवी फ्रेट. हा सूर वाजला की त्याच्या मागून पेल्यावर चमचा लागल्यासारखा एक बारीक नाद यायचा आणि सूर संपला तरी क्षणभर रेंगाळायचा. बाकीच्या सुरांना तो नव्हता. आधी वाटलं, शोकेसमधलं काहीतरी थरथरतंय. काचेचे पेले उचलून आत नेले, खिडकीची कडी घट्ट लावली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवलं. नाद होता तिथंच होता.

शेवटी ॲम्पची, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीची, पाठ माझ्याकडे वळवली. आत पाच ट्यूब मंद नारिंगी पेटलेल्या. लाकडी पेन्सिल उलटी धरून लहान ट्यूबवर एकेक हलकी टिचकी दिली. तिसरी मुकी. दुसरी जराशी टकटकली. पहिलीला पेन्सिल लागली मात्र, स्पीकरमधून देवघरातली घंटा वाजावी तसा ‘टण्ण’ आवाज आला. मी पेन्सिल तशीच हातात धरून बसलो. इतके दिवस ज्याच्यासाठी घर पालथं घातलं, तो नाद त्या करंगळीएवढ्या काचेच्या नळीत होता.

ट्यूब जुनी झाली, हजारदा तापली आणि निवली की आतले भाग किंचित सैल होतात. स्पीकर त्याच पेटीत असतो, त्याचा धक्का बसला की आतली तारांची जाळी थरथरते आणि ती थरथर विजेत उतरून परत स्पीकरमधूनच बाहेर येते. ट्यूब स्वतःच माइक होऊन बसते. माझा ॲम्प पंधरा वॉटचा, बारा इंची स्पीकरचा, तीन लहान आणि दोन मोठ्या ट्यूबचा. बारा वर्षांपूर्वी परदेशी निघालेल्या एका मुलाकडून मी तो जुना म्हणून घेतला होता आणि तेव्हापासून आतली एकही ट्यूब बदलली नव्हती. त्या रात्रीपासून पुढचे चार महिने मी जे केलं, त्यानं गिटारच्या आवाजाबद्दलची माझी एक पक्की समजूत पार बदलली.

आमच्या घरी ट्यूबला ट्यूब म्हणत नसत. बाबांच्या तोंडी कायम ‘व्हॉल्व्ह’. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की लगेच काही ऐकू यायचं नाही. ‘थांब, तापू दे त्याला,’ असं बाबा म्हणायचे आणि मग डायलमागचा पिवळा दिवा आणि हळूहळू वर येणारी गुणगुण. हा शब्द इंग्रजांकडून आला. जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंगनं १९०४ साली बनवलेल्या काचेच्या दिव्यातून वीज एकाच दिशेनं वाहायची, पाण्याच्या नळाला असते तशा एकेरी झडपेसारखी, म्हणून व्हॉल्व्ह. दोनच वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्यात तिसरा भाग घातला, ग्रिड, म्हणजे तारेची जाळी. तिथून पुढं ती नुसती झडप राहिली नाही, छोट्या विजेनं मोठी वीज हलवणारा हात झाली. गिटारवाल्यांनी अमेरिकन शब्द उचलला, ट्यूब. मी दोन्ही वापरतो. बाबांची आठवण आली की व्हॉल्व्ह.

माझ्या ॲम्पमधल्या तिन्ही लहान ट्यूब एकाच जातीच्या होत्या, १२ एएक्स ७. युरोपात तिलाच ईसीसी ८३ म्हणतात, आणि हे युरोपी नाव मला फार आवडतं, कारण त्यात सगळी ओळख भरलेली आहे. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, सी म्हणजे ट्रायोड (कॅथोड, जाळी आणि प्लेट अशा तीन भागांची रचना), दोनदा सी म्हणजे एकाच काचेत दोन ट्रायोड, आठ म्हणजे नऊ पिनांचं सॉकेट, आणि तीन हा अनुक्रमांक. उजेडात धरली की दोन करड्या चपट्या प्लेटा दिसतात. माथ्यावर आतून चंदेरी मुलामा असतो. तो शोभेचा नाही, आत उरलासुरला वायू असेल तो शोषून घेण्यासाठी असतो. काच तडकून हवा आत शिरली की ही चांदी पांढरी पडते. ट्यूब विकत घेताना मी आता पहिलं तेच बघतो.

काम म्हणाल तर असं: मधला कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि दीडशे-दोनशे व्होल्टवर बसलेल्या प्लेटीकडे ओढले जातात. वाटेत जाळी. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकातून, येणारा दशांश व्होल्टच्या आसपासचा थरथराट त्या जाळीवर सोडला की इलेक्ट्रॉनांची सगळी धार त्या थरथराटाबरोबर कमीजास्त होते. १२ एएक्स ७ चा वाढीचा आकडा शंभर. गिटारच्या ॲम्पमध्ये नेहमीच्या जोडणीत त्यातले साठेक पट हाती लागतात. म्हणजे पहिल्या ट्रायोडमधून बाहेर पडेपर्यंतच तुमचा सूर साठपट झालेला असतो, आणि पुढं अजून टप्पे आहेत.

म्हणून पहिल्या जागेला एवढं महत्त्व. तिथं जे आलं, मग ते बोटांचं वळण असो की ट्यूबची स्वतःची खरखर, पुढचा प्रत्येक टप्पा ते इमानेइतबारे वाढवत नेतो. माझ्या ॲम्पमधली दुसरी ट्यूब टोनच्या बटणांत हरवलेला जोर भरून काढते. तिसरी फेज इन्व्हर्टर, म्हणजे एकाच सुराच्या दोन उलटसुलट प्रती करून दोन मोठ्या ट्यूबना एकेक देणारी. तिच्यानंतर वाढवायला फारसं उरलेलं नसतं. त्यामुळे तिथं आवाजाची चव बदलावी म्हणून महागडी ट्यूब घालणं मला पटत नाही.

घणघणणारी ट्यूब बदलायचीच होती. मग मनात आलं, बदलतोच आहे तर चांगली घेऊ, आवाज सुधारू. इथंच माणूस वाहवत जातो. मी महिनाभर रात्री जागून लोकांनी केलेली वर्णनं वाचली. अमक्या ट्यूबचा आवाज मधासारखा, तमक्या ट्यूबचा काचेसारखा. जुन्या ट्यूबची तर एक वेगळीच दुनिया. इंग्लंडात लँकेशरमधल्या ब्लॅकबर्नला मुलार्डचा कारखाना होता, त्यांच्या ट्यूबच्या काचेवर खालच्या बाजूला करड्या बारीक अक्षरांत खूण कोरलेली असते: बी म्हणजे ब्लॅकबर्न, मग वर्षाचा आकडा, महिन्याचं अक्षर, आठवड्याचा आकडा. जर्मन टेलिफुंकनच्या बुडाला पिनांच्या मधोमध काचेतच हिऱ्याची चौकट उठवलेली. वरचं छापील नाव पुसता येतं, नवं छापता येतं. काचेतली खूण पुसता येत नाही, म्हणून जाणकार ट्यूब उलटी करून बघतात.

नव्या ट्यूबची गोष्ट वेगळी. जगात या ट्यूब मोठ्या प्रमाणावर बनवणारे कारखाने आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. रशियात व्होल्गाकाठी साराटोव्हला एक, स्लोव्हाकियात चात्साला जेजे इलेक्ट्रॉनिकचा, आणि चीनमध्ये थोडे. डब्यावर मात्र डझनभर नावं. मुलार्ड आणि टंग-सोल ही जुनी नावं छापलेल्या नव्या ट्यूबही साराटोव्हमध्येच तयार होतात. त्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण नाव वाचून ब्लॅकबर्नचा आवाज ऐकू येईल अशी आशा धरू नये. २०२२ च्या मार्चमध्ये रशियातून येणारा माल काही काळ थांबला तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली आणि भाव चढले. पन्नासच्या दशकात जे घराघरांतल्या रेडिओत असायचं, ते आता दोन-चार शहरांतल्या यंत्रांवर अवलंबून आहे, ही गोष्ट मला तेव्हा आतून जाणवली.

मी तीन वेगवेगळ्या कारखान्यांच्या १२ एएक्स ७ मागवल्या. आणि इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कारण मी आधी तीच चूक केली. ट्यूब बदलायची, मग गिटार उचलून वाजवायची, असं करून काहीच कळत नाही. ॲम्प बंद करा, निवू द्या, ट्यूब काढा, घाला, परत तापू द्या, यात दहा मिनिटं सहज जातात. तेवढ्यात कान आधीचा आवाज विसरतो आणि हात वेगळा वाजवतो. मग मी लूपर पेडलवर, म्हणजे वाजवलेलं साठवून परत परत ऐकवणाऱ्या यंत्रावर, आठ मात्रांचा एक तुकडा भरून ठेवला. प्रत्येक वेळी तोच तुकडा, त्याच जोरात, माझ्या हाताशिवाय. फोन खुर्चीवर एकाच जागी ठेवून रेकॉर्ड केलं आणि प्रत्येक वेळी आवाजाची पातळी सारखी करून घेतली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो.

मुलीला पलीकडच्या खोलीत बसवलं. तिला फक्त एक, दोन, तीन असे आकडे. तिनं दोन वेळा ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, एक आणि तीन सेम आहेत. दोन जरा बंद खोलीत वाजवल्यासारखं आहे." मी तिला न सांगता पुन्हा क्रम बदलून ऐकवलं. ‘बंद खोली’ तिनं बरोबर ओळखली, बाकीच्या दोघी परत सारख्याच. माझा स्वतःचा कान याहून फार पुढं गेला नाही. फरक होता, खरा होता, पण तो टोनचं बटण अर्ध्या घरानं फिरवण्याएवढा होता. नाद मात्र तिन्ही ट्यूबनी गेला. हिस्सही निम्म्यावर आली. आणि तरीही मला हवा होता तो आवाज येईना. कॉर्ड वाजवली की सगळे सूर एकमेकांच्या अंगावर पडायचे. व्हॉल्यूम तीनवर नेला की आवाज फाटायला सुरुवात, आणि तो चांगला फाटत नव्हता, चरचरत होता.

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या गर्दीत एक रेडिओवाले काका बसायचे. एका माणसाला कसंबसं बसता येईल एवढी जागा. बाबांचा रेडिओ त्यांच्याकडेच जायचा. मी ॲम्प रिक्षात घालून घेऊन गेलो. त्यांनी आधी काहीच न बोलता पहिली ट्यूब काढली. डावा हात पेटीवर, उजव्या हातानं काच धरून अगदी हळूहळू गोल डोलवत वर उचलली, पिन वाकू नयेत म्हणून. मग सॉकेटच्या नऊ भोकांकडे भिंग लावून बघितलं.

"व्हॉल्व्ह किती बदललेस?"

"तीन, काका."

"आणि हे किती वेळा पुसलंस?"

मी गप्प. त्यांनी एका बारीक ब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक भोक साफ केलं. मग दोन भोकांतल्या पकडी सैल झाल्या होत्या, त्या सुईनं अलगद आवळल्या. हे काम त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. हे करताना ॲम्पची वायर भिंतीतून काढलेली होती, आणि आतले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे केल्याशिवाय त्यांनी आत हात घातला नव्हता. ट्यूबच्या ॲम्पमध्ये तीनशे व्होल्ट आणि वर असतात आणि बंद केल्यावरही ते दबा धरून बसतात. लहान ट्यूब बाहेरून बदलायला पेटी उघडावी लागत नाही, बायसही (मोठ्या ट्यूबमधला प्रवाह ठरवणारी जुळणी) लावावा लागत नाही, ते काम घरी करता येतं. सॉकेटपर्यंत हात न्यायचा तर माहीतगार माणूसच हवा.

साफसफाईनं खरखर उरलीसुरली गेली. मग मी त्यांना गिटार वाजवून दाखवली. आवाज फाटला तसा त्यांच्या कपाळाला आठी पडली. साऱ्या आयुष्यात त्यांच्याकडे लोक आले ते ‘काका, आवाज फाटतोय’ म्हणत, आणि इथं मी म्हणत होतो की फाटू दे, पण नीट फाटू दे. त्यांनी मन लावून ऐकलं. दोनदा वाजवायला लावलं. मग म्हणाले, "अरे, पहिल्याच व्हॉल्व्हला तू सूर एवढा वाढवतोयस. तिथं कमी ताकदीचा घाल की. पुढं आहेत ना वाढवायला."

मला ते एकदम लख्ख दिसलं. ज्या प्रश्नाचं उत्तर मी ‘अजून चांगली’ ट्यूब शोधून काढत होतो, त्याचं उत्तर ‘कमी’ हे होतं. आणि गंमत म्हणजे गिटार ॲम्पच्या इतिहासातली एक मोठी घटना मला पाठ होती आणि तरी ती माझ्या उपयोगी आली नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कंपनीचा बासमन हा ॲम्प, पन्नासच्या दशकाच्या अखेरचा, दहा इंची चार स्पीकरचा. त्याच्या पहिल्या जागी १२ एवाय ७ असायची, जिचा वाढीचा आकडा चव्वेचाळीस. लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथं केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमन समोर ठेवून नवा ॲम्प उभा केला, जेटीएम ४५. जोडणी जवळजवळ तीच, पण पहिल्या जागी ईसीसी ८३, शंभराच्या आकड्याची. स्पीकर वेगळे, पेटी वेगळी, सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते, हे सगळं खरं. पण त्या पहिल्या ट्यूबमुळं सूर आधीपासूनच जोर धरून पुढं जाऊ लागला, लवकर फाटू लागला, आणि रॉकचा एक अख्खा आवाज त्या दिशेनं निघाला. मला नेमकं उलट जायचं होतं, हॅनवेलहून माघारी कॅलिफोर्नियाला.

या जातीत सगळ्यांचे पिन सारखे, त्यामुळे एका जागी दुसरी बसते. ५७५१ चा आकडा सत्तर, १२ एटी ७ चा साठ, १२ एवाय ७ चा चव्वेचाळीस, १२ एयू ७ चा वीसच्या आत. पण आकडा हीच एक गोष्ट नाही. १२ एटी ७ जास्त प्रवाह देते, म्हणूनच फेंडरच्या जुन्या ॲम्पमध्ये रिव्हर्बच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या, स्प्रिंगा हलवायला तीच असते. पहिल्या जागी तिचा आवाज मला कोरडा वाटला. आणि नऊ पिन दिसल्या म्हणून काहीही घालू नये. ईसीसी ८८ सुद्धा याच सॉकेटात बसते, पण तिच्या हीटरची जोडणी वेगळी, चालत नाही.

मी आधी ५७५१ घातली. बरं वाटलं. मग १२ एवाय ७ घातली आणि त्या संध्याकाळी जेवायला उठलोच नाही. व्हॉल्यूम तीनवरून सहावर न्यावा लागला, पण सहावर गेला तेव्हा कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा उभा होता. प्लेक्ट्रम (तार छेडायची चपटी पात) हलका धरला की स्वच्छ, दाबला की कडेनं किंचित फाटणारा, आणि मधला सगळा प्रदेश माझ्या बोटांत. आधी हा प्रदेशच नव्हता. लहानपणी गाण्याच्या क्लासमध्ये बाई तंबोऱ्याची जवारी लावायच्या. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा ठेवून तो केसभर पुढं, केसभर मागं सरकवायच्या. एका ठिकाणी तार नुसती ठणठणायची, जरा पुढं गेला की बोथट व्हायची, आणि मध्येच कुठंतरी अचानक सगळी खोली भरून जायची. बाई तिथं थांबायच्या आणि डोळे मिटायच्या. त्या संध्याकाळी मला तो दोरा आठवला.

ॲम्पचा स्पीकर थकला असेल तर मात्र ट्यूबवर पैसे घालू नका. आधी सॉकेट, मग स्पीकर, मग ट्यूब, असा माझा आता क्रम आहे.

हे सगळं सांगायला मी दिवाळीनंतर काकांकडे गेलो. फोनवरचं रेकॉर्डिंग त्यांनी कानाशी धरून पूर्ण ऐकलं. मग स्टुलाखालचा पत्र्याचा डबा ओढला आणि जुन्या पेपरात गुंडाळलेला एक व्हॉल्व्ह काढला. ईसीसी ८३, भारत इलेक्ट्रॉनिक्स, बेंगळुरू. साठच्या दशकापासून या सरकारी कारखान्यात फिलिप्सच्या तंत्रावर व्हॉल्व्ह बनत, आणि देशभरातल्या रेडिओंत, सभेच्या ॲम्प्लिफायरांत ते असत. आता परदेशी गिटारवाले ते शोधत फिरतात. काचेवरचं पांढरं अक्षर अर्धं उडालं होतं. माथ्यावरची चांदी मात्र आरशासारखी.

"सिनेमाच्या मशीनसाठी आणला होता. टॉकीजच बंद पडलं," काका म्हणाले. "पैसे नकोत. वाजव."

मी तो दुसऱ्या जागी लावला. लूपरवरचा तोच आठ मात्रांचा तुकडा सुरू केला, आणि मुलगी आतल्या खोलीतून न बोलावता बाहेर आली आणि दारात उभी राहिली. तिला आकडा सांगितला नव्हता. काय बदललंय हे तिनंही विचारलं नाही, खाली बसली आणि तुकडा तीन-चारदा फिरेपर्यंत ऐकत राहिली.

ती घणघणणारी ट्यूब मी टाकली नाही. पिना पुसून ती तिसऱ्या जागी घातली, जिथं तिच्यानंतर वाढवणारं फारसं कुणी नाही. तिसरी तार, सातवी फ्रेट वाजवून बघितलं. पेन्सिलीनं टिचकी दिली. काचेचा नुसता ‘टक’ झाला, तोही काचेतच. स्पीकर गप्प होता.